शहर म्हणजे पाप, असं पवित्र शास्त्र म्हणत नाही

सध्या ख्रिस्ती ग्रुपांवर एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचं सार असं: पहिलं शहर भावाचा खून करणाऱ्या काइनाने बांधलं, सदोम हे पापी नगर जळालं, बाबेल ही बलाढ्य नगरी पडली, म्हणजे शहर ही सैतानाचीच करणी. आपलं नगर स्वर्गात आहे, तेव्हा विश्वासणाऱ्याने इथल्या शहराच्या भानगडीत पडू नये, जमेल तितक्या लवकर बाहेर पडावं. वचनांचे संदर्भ दिलेले असल्यामुळे भलेभले माना डोलावत आहेत. ते संदर्भ उघडून मागचं-पुढचं वाचलं, तर मात्र हा दावा टिकत नाही.

काइनाचं आधी बघू. उत्पत्तीच्या ४थ्या अध्यायात तो नगर बांधतो आणि त्याला आपल्या मुलाचं, हनोखाचं, नाव देतो, हे खरं. पण त्याच अध्यायात, त्याच्याच वंशात, याबाल हा तंबूत राहून गुरं पाळणाऱ्यांचा मूळपुरुष होतो, युबाल वाद्यं वाजवणाऱ्यांचा, आणि तुबल-काइन तांब्या-लोखंडाची हत्यारं घडवतो. काइनाचा हात लागला म्हणून शहर टाकायचं, तर गोठाही टाकावा लागेल आणि उपासनेतली पेटीही. शिवाय काइनाच्या भावाचा, हाबेलाचा, खून झाला कुठे? शेतात. शहराचा उल्लेखही तोवर आलेला नाही.

सदोमाबद्दल यहेज्केल १६:४९ स्पष्ट बोलतो: गर्व, पोटभर अन्न, निवांत सुखचैन, आणि दीनदुबळ्यांना हात न देणं. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यंही येतात. पण आरोपपत्राची सुरुवात भरल्या पोटाच्या बेफिकिरीने होते. आणि शिक्षा येणार हे कळल्यावर अब्राहाम काय करतो? तो देवासमोर उभा राहून त्या शहरासाठी घासाघीस करतो. पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? असं करत तो दहापर्यंत येतो. संदेशात सदोमातून बाहेर पडलेला लोट, अब्राहामाचा पुतण्या, आहे; ही विनवणी नाही. लोटाचीही गोष्ट अर्धीच सांगितली आहे. डोंगरावर पळायला सांगितलं असताना तो सोअर नावाचं लहानसं नगर मागून घेतो, आणि देव त्याच्यासाठी ते नगर राखतो.

आता सर्वांत वजनदार मुद्दा. प्रकटीकरण १८:४ म्हणतं, ‘माझ्या लोकांनो, तिच्यामधून निघा.’ योहान पात्म बेटावर असताना सात टेकड्यांवर बसलेल्या बाबेलविषयी लिहितो, तेव्हा त्याच्या वाचकांच्या डोळ्यांसमोर सात टेकड्यांचं रोमच उभं राहतं. तिच्यातून निघायचं कशासाठी, हे त्याच अध्यायात आहे. व्यापारी रडतात, कारण त्यांचा माल घ्यायला कोणी उरलं नाही. मालाची यादी सोन्या-रुप्यापासून सुरू होते. तलम कापड, हस्तिदंत, मसाले, द्राक्षारस, गहू, गुरं, घोडे असं करत शेवटी येतात माणसांची शरीरं आणि जीव. माणूसही माल, तोही यादीच्या तळाला. बाहेर पडायचं ते या व्यवहारातून. वेठबिगार राबवणारा खेड्यात राहिला तरी तो बाबेलमध्येच आहे.

खऱ्याखुऱ्या बाबेलमध्ये कैद करून नेलेल्या यहुद्यांना देवाने काय कळवलं, तेही वाचायला हवं. हनन्या संदेष्टा सांगत होता, दोन वर्षांत सगळं संपेल. यिर्मया संदेष्ट्याने देवाच्या वतीने पत्र धाडलं: ७० वर्षं लागतील, घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि त्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. ज्यांनी यरुशलेम लुटलं, त्यांच्या राजधानीसाठी प्रार्थना! हनन्याची भाषा ऐकायला जास्त धार्मिक वाटते. खोटा ठरला तो हनन्याच.

याच शास्त्रात, गणना या पुस्तकाच्या ३५व्या अध्यायात, सहा शरणपुरं नेमून दिली आहेत. हातून चुकून मनुष्यवध झालेल्याने तिथे धाव घ्यावी. इस्राएली असो की परका, त्याचा न्याय होईपर्यंत त्याला तिथे अभय. नाशिककरांना शरणपूर रोड माहीत असतो. १९व्या शतकात मिशनने तिथे वसवलेल्या शरणपूर या ख्रिस्ती वस्तीत गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना आसरा मिळाला. ती तिथे शिकली, हातांना काम शिकली. बाबेलच्या यादीत तळाला असलेल्या माणसांसाठी कुणीतरी दार उघडलं होतं.

राहिलं इब्री १३:१४: ‘येथे आपल्याला कायमचे नगर नाही.’ बरोबर. पण त्याच अध्यायात परक्यांचा पाहुणचार करा, बंदीवानांची आठवण ठेवा, चांगलं करायला आणि दानधर्म करायला विसरू नका, असंही आहे. कायमचं नगर इथे नाही, म्हणून इथल्या माणसांची जबाबदारी नाही, असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि प्रकटीकरण २१मध्ये नवी यरुशलेम स्वर्गातून खाली उतरते. तिच्यात मंदिर नाही, कारण देव स्वतःच तिथे आहे. तिच्या बारा वेशी दिवसा कधीच बंद होत नाहीत, आणि रात्र तर तिथे नाहीच. राष्ट्रांचं वैभव आत आणलं जातं, आणि नदीकाठच्या जीवनाच्या झाडाची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी असतात. एदेन बागेपासून सुरू झालेली गोष्ट देव शहरात पूर्ण करतो, आणि त्या शहरात झाड आहे, पाणी आहे.

ज्यांनी हा संदेश पुढे पाठवला, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. येत्या रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत आपल्या शहराचं नाव घ्या: गटारात उतरणारे कामगार, सरकारी दवाखान्याच्या रांगेतले पेशंट, स्टेशनबाहेर झोपणारी कुटुंबं. आणि उपासना संपली की त्यांच्यापैकी कुणाकडे जायचं, हे मंडळीत बसून ठरवा.