रोपवे हवा, पण कुठे?

मुंबई-ठाण्यातील वाहतूक कोंडीवर उपाय म्हणून केबल टॅक्सीची, म्हणजे शहरी रोपवेची, चर्चा अधूनमधून होत असते. आपल्याकडे रोपवे म्हटले की डोळ्यांसमोर रायगड येतो. त्यामुळे काही जण ही पर्यटनाची हौस म्हणून उडवून लावतात, तर काहींना रस्ता न अडवणारे हे वाहन म्हणजे सगळ्या कोंडीवरचा रामबाण उपाय वाटतो. मला या दोन्ही भूमिका पटत नाहीत. रोपवे हे सार्वजनिक वाहतुकीचे अत्यंत उपयुक्त साधन आहे, मात्र ते डोंगरउतारावरच्या वस्तीला मेट्रो किंवा रेल्वेशी जोडण्यासाठी वापरले पाहिजे, सपाट रस्त्यावरची गर्दी उचलण्यासाठी नव्हे.

कोलंबियातील मेदेयीन शहराने हे २००४ साली करून दाखवले. तिथे दरीच्या तळातून मेट्रो धावते आणि गरिबांच्या वस्त्या दोन्ही बाजूंच्या उभ्या चढावर पसरलेल्या आहेत. आसेवेदो या मेट्रो स्थानकातून सांतो दोमिंगोपर्यंत सुमारे दोन किलोमीटरचा रोपवे काढला गेला, तो मेट्रो चालवणाऱ्या यंत्रणेच्याच ताब्यात ठेवला गेला आणि दोन्हींचे भाडे एकत्र जोडले गेले. माझ्या मते यशाचे मर्म या शेवटच्या दोन निर्णयांत आहे. सोबत वस्तीत ग्रंथालय, चौक आणि पायवाटाही झाल्या.

बोलिव्हियातील ला पाझची गरज याहून मोठी होती. खाली सुमारे ३,६०० मीटर उंचीवर ला पाझ आणि वर ४,००० मीटरच्या पठारावर एल आल्तो अशी दोन जोडशहरे आहेत आणि त्यांच्यामधून रोज प्रचंड ये-जा चालते. ३० मे २०१४ रोजी तिथली पहिली, लाल मार्गिका सुरू झाली आणि पुढच्या पाच वर्षांत मार्गिकांची संख्या दहावर गेली. या सेवेला वेळापत्रकाची गरजच पडत नाही. एका पाळण्यात दहा माणसे बसतात आणि साधारण दर बारा सेकंदांनी पाळणा येतो. स्थानकात शिरताना पाळण्याची पकड मुख्य दोरावरून सुटते, रबरी चाकांच्या रांगेवर त्याचा वेग माणसाच्या चालीइतका मंदावतो, दारे उघडतात, माणसे चढतात-उतरतात आणि पकड पुन्हा दोराला घट्ट बसते. या सगळ्या वेळात दोर मात्र आपल्या वेगाने धावतच असतो.

आता याच आकड्यांचा हिशेब मांडू. बारा सेकंदांना दहा माणसे म्हणजे एका दिशेला तासाला ३,००० माणसे. गर्दीच्या वेळी आपली एकच लोकल याहून अधिक प्रवासी नेते. साठ प्रवाशांची बस धरली, तर तासाला पन्नास बसगाड्यांत तेवढीच माणसे जातात, आणि राखीव मार्गिका दिली तर सपाट रस्त्यावर ते सहज शक्य आहे. म्हणून घोडबंदरसारख्या रस्त्यावर खांब रोवून पाळणे सोडण्याची कल्पना मला चुकीची वाटते. वाराणसीत कँट स्थानक ते गोदौलिया या सुमारे पावणेचार किलोमीटरच्या रोपवेची पायाभरणी मार्च २०२३ मध्ये झाली. तिथे चढ नाही, पण जुन्या गल्ल्यांमुळे रस्ता रुंद करायला वाव नाही, हे कारण मी समजू शकतो. आपल्या रुंद रस्त्यांना ते लागू पडत नाही.

रिओ दि जानेरोचा अनुभवही डोळ्यांआड करू नये. आलेमाओ या टेकड्यांवरच्या वस्तीत २०११ साली सहा स्थानकांचा रोपवे सुरू झाला आणि २०१६ मध्ये तो बंद पडला. दोराची झीज झाली होती आणि राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. पण त्याआधीही अडचण होतीच. स्थानके टेकड्यांच्या माथ्यावर आणि घरे उतारावर, त्यामुळे अनेकांना मोटारसायकल टॅक्सीच सोयीची वाटत असे. रिओच्या अशाच वस्त्यांतील रहिवासी रोपवेपेक्षा सांडपाण्याच्या गटारांची मागणी करत होते. त्यांचे म्हणणे मला पूर्णपणे रास्त वाटते.

आपल्याकडे हे साधन कुठे शोभेल, याचा विचार करताना मला मुंबईच्या मेट्रो-१ वरचे असल्फा स्थानक आठवते. तिथे टेकडीवर एकावर एक रचल्यासारखी रंगीत घरे दिसतात. मेट्रो इतकी जवळ असूनही वरच्या घरातील म्हातारीला दवाखान्यात न्यायचे तर अरुंद, उंच-सखल पायऱ्यांवरून खुर्चीत बसवून चौघांनी खाली उतरवावे लागते. भांडुप, विक्रोळी पार्कसाइट, मुंब्रा, कळवा इथल्या डोंगरवस्त्यांचेही हेच दुखणे आहे. अर्थात प्रत्येक टेकडीला रोपवेच लागेल असे नाही. खुद्द मेदेयीननेही कोमुना १३ या वस्तीत २०११ साली उघड्यावरचे सरकते जिने बसवले, कारण तिथल्या उतारासाठी ते पुरेसे होते. आपल्या अनेक टेकड्यांची उंची पाहता छप्पर घातलेले सरकते जिने, धड पायऱ्या आणि कठडे हेच अधिक उपयोगी पडतील, असे मला वाटते.

म्हणून केबल टॅक्सीचा प्रस्ताव पुढे येईल तेव्हा नागरिक म्हणून काही गोष्टी लेखी मागायला हव्यात. लोकल, मेट्रो आणि बसच्या तिकिटावर ती चालेल का, भाडे किती असेल, वादळी पावसात सेवा थांबली की पर्यायी बस कोण सोडणार, देखभालीचा पैसा दरवर्षी कोणत्या खात्यातून येणार, आणि स्थानकापासून सर्वांत दूरच्या घरापर्यंत किती पायऱ्या चढाव्या लागणार, याची उत्तरे निविदा निघण्यापूर्वी त्या त्या वस्तीत मराठीतून आणि हिंदीतून जाहीर झाली पाहिजेत.