भाटीच्या शेजारी घर

"ताई, तुमच्या तिकडे एखादं जुनं घर असेल तर बघून ठेव ना." मावसभावाचा हा फोन दर मार्चमध्ये येतो. यंदा त्यात जोर जरा जास्त होता, कारण साहेब नुकतेच नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला द्राक्षमळ्यात दोन रात्री राहून आलेत. सकाळी धुकं, समोर वेलींच्या रांगा, संध्याकाळी हातात ग्लास. "असंच काहीतरी, पण गोव्यात. फेणीचं गाव वगैरे. आता घ्यायचं, रिटायर झालो की राहायला यायचं, तोवर पाहुण्यांना भाड्याने द्यायचं."

मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यात राहते. वाळपईच्या पुढे, नाव सांगत नाही, आधीच पुष्कळ गाड्या येतात. मूळची गडहिंग्लजची, नोकरीमुळे गोव्यात आले, बरीच वर्षं डिचोलीत भाड्याने काढली आणि 2014 मध्ये हे घर घेतलं. चिऱ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, दारात तुळस, मागे काजूची चढण. म्हणजे भावाच्या डोक्यात जे चित्र आहे ना, हुबेहूब तेच. म्हणून तर त्याला फोनवर समजावता येईना. असे फोन मला एकटीलाच येत नसणार, तेव्हा इथेच लिहिते.

पहिली गोष्ट, नाशिकची आणि आमची तुलनाच होत नाही. महाराष्ट्राने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रियेचं धोरण आणलं, त्यातून वायनरी वाढल्या, त्यांच्यासोबत हॉटेलं आली. पाहुणा तिकीट काढून आत जातो, टाक्या बघतो, चव घेतो, बाहेर पडतो. आणि ज्याला घर घ्यायचंय तो शहरात फ्लॅट घेतो. इथे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, द्राक्षं कुठली यायला! गोव्याची म्हणून जी पोर्ट वाइन लोक बॅगेत भरून नेतात, तिचीसुद्धा द्राक्षं राज्याबाहेरून येतात. आमचं पीक काजूचं. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेलं झाड, आणि आता सत्तरीच्या डोंगरांवर असं पसरलंय की जणू कायमचं इथलंच. त्याची वायनरी म्हणजे कोणाच्या तरी परसातली पत्र्याची नाहीतर झावळ्यांची खोप, खाली लाकडांचा जाळ, वर तांब्याचं भांडं. हीच फेणी काढायची भाटी. ती खोप माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीपासून बारा पावलांवर आहे. मोजली आहेत.

घर बघायला आलो तो महिना नोव्हेंबर होता. हे मुद्दाम सांगते. नोव्हेंबरात गोव्यातलं कुठलंही घर विकत घ्यावंसं वाटतं. शेजारचे आबा गडग्यापाशी उभे होते, ते एवढंच म्हणाले, "बाय, घर घेतात तें बरें, पूण वास येतलो हां." मला वाटलं, गोठ्याचा म्हणत असतील. मी गडहिंग्लजची, गोठ्याला काय घाबरायचं!

मार्चमध्ये कळलं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पिकला की झाडावरून आपोआप पडतो. फेणीसाठी तो तोडत नाहीत, पडलेलाच घेतात. काठीच्या टोकाला खिळा, त्याने टोचून उचलायचा, काजूबी पिळून वेगळी करायची, बोंडू डब्यात. पहिल्या दिवशी वास गोड असतो. तिसऱ्या दिवशी, दप्तरात आठवडाभर विसरलेल्या डब्यात आंबा असावा, तसा. मग बोंडू तुडवतात, चोथा वेलीने करकचून बांधून त्याच्यावर दगडाचं वजन ठेवतात, आणि त्यातून थेंब थेंब गळतो तो निरो. गार करून प्यायलात तर उसाचा रस विसराल. आंबवायचा रस मात्र पिंपात जातो, दोन-तीन दिवस बुडबुडे काढत बसतो, आणि मग भाटी पेटते. पहिल्या उकळीचा तो हुर्राक, चौदा-पंधरा ग्रावाचा. ग्राव हे आमच्याकडचं कडकपणाचं माप, शब्द पोर्तुगीजांचा. हुर्राकात पुन्हा रस घालून दुसऱ्यांदा काढली की फेणी, एकोणीस-वीस ग्राव. ओतल्यावर वर फेस धरते ती खरी, नावच फेणावरून पडलंय. आबा बाटली हलवून नुसत्या बुडबुड्यांवरून ग्राव सांगतात. मापायची काचनळी त्यांच्याकडे आहे, पण ती गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी.

हे सगळं आता कौतुकाने लिहितेय. पहिल्या वर्षी मी एप्रिलभर खिडक्या बंद करून पंख्याखाली घामाने निथळत बसले होते. पहाटे चारला जाळ घालायचा आवाज, धूर पडवीत, वाळत घातलेल्या साड्यांना गूळ आणि व्हिनेगर एकत्र उकळल्यासारखा वास. नवरा कामावर निघताना शर्ट हुंगून बघायचा. "कंपनीत विचारतील, सकाळी सकाळी घेऊन आलास काय?" एकदा मी तरातरा आबांकडे गेलेसुद्धा, बोलायला. ते रात्रभर जागे होते, डोळे लाल, हाताला भाजलेलं. मला बसायला पाट दिला, निरो दिला. मी निरो पिऊन परत आले.

आता कागदांविषयी, कारण भावाला वाटतं घर म्हणजे चिरे आणि कौलं. गोव्यात घर म्हणजे सह्या. इथे अजून पोर्तुगीज काळातल्या नागरी कायद्याची चौकट आहे. लग्न झालं की, वेगळा करार केलेला नसेल तर, दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. म्हणजे एक भाऊ विकणार असेल तर वहिनीची सहीही हवी. आमच्या घराचे मालक पाच भावंडं. पाच जोडपी, त्यांतले एक भाऊ वारलेले, त्यांची मुलं, मुलांच्या बायका. एकूण चौदा सह्या. त्यातली एक काकू डोंबिवलीत, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिच्या सहीसाठी आम्ही सात महिने थांबलो. मुखत्यारपत्रावर चालेल असं एकजण म्हणाला, चालणार नाही असं दुसरा म्हणाला, शेवटी काकूच रेल्वेने आली, थिवीला उतरली आणि म्हणाली, "सहीचं काय घेऊन बसलात, मला आधी ते घर बघायचंय." पडवीत बसून रडली. आणि सही करताना चष्मा घरीच राहिलाय हे लक्षात आलं! उपनिबंधकाच्या कार्यालयात अनोळखी माणसाचा चष्मा उसना घेऊन झालेली ती सही आहे. माझ्या विक्रीखतावर ती सगळ्यात वाकडी आणि सगळ्यात मोठी.

त्याच्याही आधी बघायचा तो एक-चौदाचा उतारा. आपल्याकडच्या सात-बाराचा गोव्यातला भाऊ. मालकाचं नाव सगळेच बघतात. खरी गंमत कुळाच्या आणि इतर हक्कांच्या रकान्यात असते. तिथे कोणाचं तरी नाव आणि पुढे 'घर' असं लिहिलेलं असलं की समजायचं, या जमिनीत मुंडकार आहे. भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीवर त्याच्या संमतीने घर करून राहिलेला माणूस तो मुंडकार. 1975 च्या कायद्याने त्याला हुसकावता येत नाही, उलट ते घर आणि भोवतीची थोडी जागा विकत घेण्याचा हक्क त्याला आहे. दलाल सांगतो, "म्हातारा आहे, काही मागणार नाही." अहो, न मागायला ती काय देणगी आहे? हक्क आहे त्याचा. आणि सत्तरीत याच्यावर आणखी आल्वारा, मोकासो (दोन्ही जुन्या राजवटीत दिलेल्या जमिनींचे प्रकार), जंगल, अभयारण्य असे थर आहेत. पिढ्यान् पिढ्या कसणाऱ्यांच्याच नावावर जमिनी नाहीत अशी इथे गावंच्या गावं आहेत. तिथे पुण्याहून आलेल्या माणसाला आठवड्यात 'क्लिअर टायटल' कुठून मिळालं, एवढा प्रश्न तरी त्या माणसाला पडावा ना?

भातशेती तर सोडाच. 2023 च्या कायद्याने ती शेतकरी नसलेल्याला विकता येत नाही. आणि डोंगरउतारावर काजू दिसतायत म्हणजे तिथे घर बांधता येईल असंही नाही. आधी सरकारी आराखड्यात त्या जागेचा झोन कुठला ते बघायचं, मग जमीन बांधकामासाठी रूपांतरित केल्याची सनद आहे का बघायची, आणि दोन्ही कागद स्वतःच्या वकिलाला दाखवायचे. विकणाऱ्याने आणलेल्या वकिलाला नव्हे. हे वाक्य फ्रेम करून लावा हवं तर.

आता मूळ मुद्दा, ज्यामुळे हे लिहायला घेतलं. गेल्या वर्षी आमच्या वाड्यावर खालच्या अंगाला एक घर विकलं गेलं. घेणारी मंडळी मोठ्या शहरातली, बोलायला चांगली, गणपतीला मोदक घेऊन आली होती. घराची जाहिरात केली तीत 'अस्सल फेणीच्या गावात' असे शब्द होते, फोटोत आबांची भाटी होती. त्यांना विचारलं नव्हतं हे जाऊ दे. एप्रिलमध्ये त्याच मंडळींनी पंचायतीत अर्ज दिला: भाटीच्या धुराचा आणि वासाचा पाहुण्यांना त्रास होतो, ती हलवावी.

मला राग आला, आणि रागाचं एक कारण म्हणजे अर्जातलं प्रत्येक वाक्य मी पहिल्या वर्षी मनात म्हटलेलं होतं. फरक इतकाच की मी त्या वासाचं भाडं कमावत नव्हते. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2016 मध्ये सरकारने तिला वारसा पेय म्हटलं. फार छान. पण वारसा बाटलीत बसतो आणि धूर बसत नाही, असं कसं चालेल? काजूच्या बागांच्या झोनांची दरवर्षी पावणी, म्हणजे लिलाव, होते, अबकारी खात्याचा परवाना काढावा लागतो, लाकूड, मजुरी, पिंपं, आणि हंगाम जेमतेम अडीच महिन्यांचा. मध्येच अवकाळी पाऊस आला की मोहोर गेला, बोंडू पाणचट झाला. माकडं आणि गवे आपला वाटा घेतातच. आबांचा मुलगा कारखान्यात नोकरीला आहे, भाटीकडे फिरकत नाही. आबांनंतर ही भाटी तशीही विझणार आहे. तिला अर्ज करून विझवायची घाई कशाला?

आमची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं मी म्हणत नाही. भाटीचं उरलेलं आंबट पाणी सरळ ओहोळात सोडणारे आहेत, त्यांना बोललंच पाहिजे. मार्च 2023 मध्ये म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा रात्री आम्ही पडवीतून डोंगर लाल झालेला बघितला. सुकं गवत जाळून काजूखालची जागा साफ करायची सवय किती महाग पडू शकते, हे त्यावेळी सगळे बोलत होते, आता कोणी बोलत नाही. आणि डोंगर विकणारे काही बाहेरून आलेले नाहीत. भाटकाराचे नातूच सह्या करतात, चौदा असोत की चाळीस.

राहण्याचं म्हणाल तर: पावसात भिंतीला शेवाळ, कपाटातल्या चपलांना बुरशी, दर मेमध्ये कौलं परतायला माणूस शोधणं, आणि तो मिळाला की त्याला जावयासारखा जपणं. वीज जाते. कोणाला रात्री छातीत दुखलं तर बांबोळीच्या मोठ्या इस्पितळात पोचायला तास-सव्वा तास. शेवटची बस चुकली की संपलं. याच्या बदल्यात शिगम्याला घोडेमोडणी, कमरेला लाकडी घोडे बांधून केलेला नाच, दारात येते, आणि माझ्या मराठीला इथे कोणी परकं म्हणत नाही. आबा सकाळी मराठी पेपर वाचतात आणि त्यातल्या चुका मला कोंकणीतून सांगतात.

पंचायतीच्या बैठकीला मी गेले होते. अर्जदार आले नाहीत, पावसाळा लागायला आल्यामुळे घर बंद करून गेले होते. सरपंचांनी आबांना विचारलं, "भाटी केन्ना बंद?" आबा म्हणाले, "काजू सोंपले, काल बंद केली." विषय पुढच्या बैठकीवर ढकलला गेला.

भावाला मी काल एक उतारा पाठवलाय, आमच्याच वाड्यावरच्या एका घराचा. इतर हक्कांच्या रकान्यात दोन नावं आहेत, ती लाल पेनाने गोल केली. खाली लिहिलंय, "नोव्हेंबरात येऊ नकोस. एप्रिलमध्ये ये, चार दिवस राहा, मागच्या खोलीत झोप, खिडकी उघडी ठेवून. पहाटे आबा उठवतील." निळ्या खुणा आल्यात, उत्तर अजून नाही.