सीआरपी वाढलं म्हणजे दोष हिरड्यांचाच?

हिरड्यांची सूज आणि मधुमेह यांच्या नात्यावरचा तुमचा लेख चांगला आहे, पण त्यातला ‘मधुमेहीच्या रक्तात सीआरपी वाढलेलं दिसलं की कारण हिरड्यांत शोधा’ हा सल्ला जरा घाईचा वाटला. सीआरपी म्हणजे अंगात कुठे सूज असली की रक्तात वाढणारं प्रथिन. ते तयार होतं यकृतात, आयएल-६ या सूजेच्या निरोप्या रेणूचा निरोप आला की. हा निरोप सुजलेल्या हिरडीतून येतो, तसाच पोटाच्या चरबीतूनही येतो. टीएनएफ-अल्फा या दुसऱ्या निरोप्याचंही तेच. मग लठ्ठ मधुमेही माणसात दोषी कोण, हे एका आकड्यावरून कसं ठरवणार?

२०१३ मध्ये ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात ५१४ मधुमेहींवरची अमेरिकी चाचणी आली होती. हिरड्यांखालची सफाई करूनही सहा महिन्यांत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणारा आकडा) हललं नाही. टीकाकारांनी लगेच बोट ठेवलं: त्यातले बरेच जण लठ्ठ होते आणि उपचारानंतरही दातांवर कीटण उरलं होतं. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या २०२२ च्या कॉक्रेन आढाव्यात मात्र एचबीए१सीत सरासरी ०.३ ते ०.५ अंकांची घट दिसली. हे कमी नाही, पण गोळ्या सोडण्याइतकंही नाही (आमच्या सोसायटीतले एक काका तेच करायला निघाले होते!).

आपल्याकडे आणखी गुंता. पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय की सडपातळ दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असते. त्यामुळे नुसत्या बीएमआयवर (उंचीच्या मानाने वजन) विसंबून चालत नाही, कंबर मोजायला हवी. आणि मधुमेहाच्या डॉक्टरांनी ‘ब्रश करताना रक्त येतं का, मिश्री लावता का’ एवढं तरी विचारावं. मला आजवर कुणीही विचारलेलं नाही.