गडग्याखालची मादी

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात गावच्या ग्रुपवर एक फोटो आला. आमचं गाव देवगड तालुक्यातलं. बागेतला पडका गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, नव्यानं रचायला काढला, तर खालच्या पोकळीत अजगराची मादी आणि तिच्या वेटोळ्यात बावीस अंडी. माझा चुलतभाऊ सर्पमित्र आहे. त्यानं मादी पोत्यात भरून व्हाळापलीकडे सोडली आणि अंडी थर्माकोलच्या खोक्यात घालून घरी आणली. फोटोखाली कौतुकाची रांग लागली. ‘बावीस जीव वाचवलेस.’

मी लिहिलं, ‘अंडी उचलायला नको होती.’

तिथून जे सुरू झालं ते अजून माझ्या डोक्यातून जात नाही. पहिला मुद्दा वेळासचा. मंडणगड तालुक्यातल्या त्या गावात कासवांची अंडी वाळूतून काढून कुंपणात पुरतात आणि त्याचा सगळ्यांना अभिमान आहे, मग अजगरानं काय घोडं मारलंय? अहो, कासवीण अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. मागे त्या खड्ड्याला कोणी वाली नसतो, कुत्री उकरतात, पूर्वी माणसंही न्यायची. म्हणून तिथं माणसानं मधे पडणं बरोबर. अजगराची मादी कुठंच जात नाही. दोन महिने, बहुधा काही न खाता, अंड्यांभोवती वेटोळं घालून बसते. गारठा वाढला की स्नायू आखडून-सोडून अंग थरथरवते आणि त्या थरथरीनं स्वतःचं अंग तापवून अंड्यांना ऊब देते. थंड रक्ताच्या प्राण्यात ही गोष्ट किती दुर्मीळ आहे! १८४१ साली पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात व्हॅलांसिएन या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञानं अंड्यांवर बसलेल्या बर्मी अजगराच्या मादीचं तापमान मोजलं, तेव्हा कुठं शास्त्रज्ञांना ते पटायला लागलं. त्या गडग्याखाली उबवणीयंत्र चालूच होतं. ते आपण पोत्यात भरलं.

आणि कायदा? १९७२ च्या वन्यजीव कायद्यात अजगर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे, आणि शिकारीच्या व्याख्येत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांना, घरट्याला धक्का लावणंही येतं. केरळात कासरगोडला २०२२ साली महामार्गाच्या कामात अजगराची २४ अंडी सापडली, तेव्हा तिथलं काम ५४ दिवस थांबवलं. आम्हाला एक गडगा मिरगापर्यंत थांबवता येत नाही? नागपंचमीला हळदीच्या पानातल्या पातोळ्या खायच्या, त्या दिवशी जमीन खणायची नाही म्हणून सांगायचं, आणि मे महिन्यात हे.

मग एकानं लिहिलं, परदेशात लोक अजगरांची पैदास करून विकतात, कोकणातही परवानगी द्या, पोरांना धंदा होईल. हे वाचून मला झोप लागली नाही. इंग्लंडमध्ये पळालेला अजगर पहिल्याच हिवाळ्यात मरतो. फ्लोरिडात मरत नाही. तिथं पाळीव बर्मी अजगर दलदलीत सुटले, रुजले, आणि आज ससे-रॅकून दिसेनासे झालेत. आपली हवा फ्लोरिडाच्या जवळची आहे, इंग्लंडच्या नाही.

तेव्हा चुलतभावानं लिहिलं, ‘दादा, तुका थय बसान सांगूक काय जाता? तू सोता अंडी काढतस मा?’

काढतो. इंग्लंडात लेस्टरमध्ये माझ्या गॅरेजात तीन बर्मी अजगर आहेत आणि नऊ वर्षं मी त्यांची अंडी उबवतोय. मी हे नीट करतो. नोंदवही आहे, दोन थर्मोस्टॅट आहेत, गिऱ्हाइकाची जागा बघितल्याशिवाय मी पिल्लू देत नाही. मादीनं अंडी घातली की तिची वेटोळी एकेक करून सोडवतो. ती सोडत नाही, जोर लावावा लागतो, बायको मदतीला येते. मग मादीला कोमट पाण्यानं धुतो, पेटीही धुतो, अंड्यांचा वास राहिला तर ती खात नाही म्हणून. लवकर खाल्लं की लवकर अंगावर येते. सगळे असंच करतात. मीही करतो.

एकदाच केलं नाही. आई गेली त्या वर्षी. विमानं बंद होती, मला जाता आलं नाही. त्या एप्रिलमध्ये अंडी मादीजवळच ठेवली. रात्री गॅरेजात खुर्ची टाकून बसायचो. बाहेर तीन-चार अंश असायचं, आत हीटर मी मुद्दाम जरा कमी ठेवला होता. काचेतून तिची थरथर दिसायची, उचकीसारखी, मिनिटाला काही वेळा. अठ्ठावन्न दिवस बसली. पाठीचा कणा वर आला होता. पिल्लं बाहेर पडली आणि ती उठून पाण्याकडे गेली, त्यांच्याकडे बघितलंही नाही.

हे मी ग्रुपवर लिहिलं नाही. बर्मी अजगर मी का घेतला तेही कधी कुणाला सांगितलेलं नाही. आमच्या आगरात लहानपणी बघितलेल्या अजगराशी त्याची नक्षी सगळ्यात जुळते, म्हणून.

भावाला मी उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा वेगळा मेसेज आला, फक्त मला. ‘मादी दोन राती परत इली हुती. गडग्याकडे. आता ह्या अंड्यांचा काय करूचा ता सांग.’

मी लगेच फोन लावला. आधी वनखात्याला कळव म्हटलं. मग सांगितलं: अंडी जशी आहेत तशी ठेव, फिरवू नको, आतलं पिल्लू मरतं. वरच्या बाजूला पेन्सिलीनं खूण कर. एकमेकांना चिकटलेली सोडवू नको. साडेएकतीस अंश, चौतीसच्या वर जाऊ देऊ नको. पाणी अंड्यांवर मारू नको, खालचा थर ओलसर ठेव. आणि पिल्लांनी कवच फाडलं की ओढून काढू नको, दिवस-दोन दिवस डोकं बाहेर काढून आत बसतात, बलक शोषून घेतात.

‘आणि सोडूची खय?’ त्यानं विचारलं.

गडग्याकडेच, मी म्हटलं.