सदस्य व्हावे, सभा मात्र भरवू नये

आपण एखाद्या होतकरू राष्ट्राचे प्रमुख असाल आणि शेजाऱ्याशी किमान एका सीमेवरून किंवा एका नदीवरून आपले भांडण असेल, तर प्रादेशिक संघटनेचे सदस्य होण्यास लागणारी पात्रता आपल्या ठायी पुरेपूर आहे. सदस्य कसे व्हावे आणि झाल्यावर कसे वागावे, याविषयी चार समजुतीच्या गोष्टी सांगाव्यात म्हणून हा लेखनप्रपंच. सोलापुरात बसून राष्ट्रप्रमुखांना सल्ला देण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील. सांगोल्याच्या आमच्या बागेतील भगव्या डाळिंबांनी भरलेला, बांगलादेशला निघालेला एक ट्रक नुकताच बंगालच्या सीमेवर उभ्या उभ्या कुजला. अधिकार त्या डाळिंबांनी दिला.

आदर्श म्हणून आपल्या घरची सार्क, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची सहकार्य संघटनाच डोळ्यांसमोर ठेवावी. ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात सात देशांनी सनदेवर सह्या केल्या, दोन वर्षांच्या आत काठमांडूत सचिवालय उघडले आणि २००७ साली दिल्लीच्या परिषदेत अफगाणिस्तान आठवा सदस्य झाला. ही सनद वाचण्यास फार वेळ लागत नाही, एकूण दहाच कलमे आहेत. घाईत असाल तर फक्त दहावे वाचावे. त्यात म्हटले आहे की सर्व पातळ्यांवरील निर्णय एकमताने होतील आणि द्विपक्षीय अथवा वादग्रस्त विषय चर्चेत येणार नाहीत. शेजाऱ्यांमधील द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय वगळल्यावर बोलण्यासारखे काय उरते, हा प्रश्न मनात येऊ देऊ नये. हवापाण्याच्या गप्पा माराव्यात म्हटले, तर पावसावरून नदी निघते आणि नदीवरून पुन्हा वादग्रस्त विषय निघतो. म्हणून परस्परांच्या प्रकृतीची चौकशी करून थांबावे.

राष्ट्रप्रमुखांनी वर्षातून एकदा भेटावे, असे सनदेचे तिसरे कलम सांगते. ते मनावर घेऊ नये. सार्कची अठरावी शिखर परिषद नोव्हेंबर २०१४ मध्ये काठमांडूला झाली आणि त्यानंतर एकही झालेली नाही. एकोणिसावी २०१६ च्या नोव्हेंबरात इस्लामाबादला व्हायची होती. सप्टेंबरात उरीच्या तळावर हल्ला झाला, भारताने येणार नसल्याचे कळवले, बांगलादेश, भूतान आणि अफगाणिस्तान यांनीही तेच कळवले आणि परिषद पुढे ढकलली गेली. ती अजून ढकललेलीच आहे. उरीत जवान मारले गेल्यावर आपल्या पंतप्रधानांनी इस्लामाबादेत जाऊन हस्तांदोलन करावे, असे माझ्याने म्हणवणार नाही. पण एका घराशी बोलणे तुटले म्हणून सगळ्या आळीची बैठकच रद्द होईल, असा नियम ज्यांनी करून ठेवला त्यांच्या दूरदृष्टीला तोड नाही. आमच्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांची वार्षिक सभा बघावी. मंचावर खुर्च्या फेकल्या जातात, ध्वनिक्षेपक हिसकावला जातो, अहवाल वाचण्याआधीच ‘मंजूर, मंजूर’ होते. पण सभा होते.

परिषद भरत नसली तरी निरीक्षक अवश्य नेमावेत. सार्कचे सदस्य आठ आहेत आणि चीन, जपान, अमेरिका, युरोपीय संघ धरून निरीक्षक नऊ; करणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त असले की कार्याला शोभा येते.

सदस्य देशात सरकार उलथले, तर त्याची खुर्ची रिकामी ठेवायची की कोणाला द्यायची, यावर वाद घालावा आणि तो मिटेपर्यंत बैठकच घेऊ नये. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यूयॉर्कला परराष्ट्रमंत्र्यांची अनौपचारिक भेट ठरली होती, ती अफगाणिस्तानच्या खुर्चीवरून याच रीतीने रद्द झाली.

व्यापाराचा करार मात्र केलाच पाहिजे, आणि त्याच्या नावात ‘मुक्त’ हा शब्द हवाच. २००४ च्या जानेवारीत इस्लामाबादला दक्षिण आशियाई मुक्त व्यापार क्षेत्राचा करार झाला आणि १ जानेवारी २००६ पासून तो अमलात आला. सही वाळली की प्रत्येकाने आपापली ‘संवेदनशील यादी’ काढावी, म्हणजे जे विकले जाण्यासारखे आहे ते सवलतीतून वगळता येते. भारताने २०११ साली मालदीवमधील अड्डूच्या परिषदेत अल्पविकसित सदस्य देशांसाठी आपली यादी दारू आणि तंबाखूसारख्या २५ जिनसांपर्यंत खाली आणली, ही चांगली गोष्ट नोंदवायला हवी. तरीही या प्रदेशातील देशांचा आपसातील व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या सुमारे ५ टक्क्यांवरच घुटमळतो. आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेत हेच प्रमाण २० टक्क्यांच्या वर आहे. आपण मात्र धुतल्या तांदळासारखे आहोत, असेही समजू नये. २०१९ साली भारताने अचानक कांद्याची निर्यात थांबवली, तेव्हा बांगलादेशच्या तत्कालीन पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीतल्याच कार्यक्रमात सांगितले की आपण आचाऱ्याला स्वयंपाकात कांदा घालू नकोस म्हणून बजावले आहे. लोक हसले. २०२३ साली निर्यातबंदी पुन्हा आली आणि ती लागू झाली ८ डिसेंबरला, म्हणजे सार्कच्या स्थापनादिनी. सोलापूरच्या मार्केट यार्डात तेव्हा कांद्याच्या गाड्यांची जी रांग लागली होती आणि लिलावात जे भाव पुकारले जात होते, ते आठवणाऱ्या कोणासही हा दिवस साजरा कसा करतात हे शिकवण्याची गरज नाही.

आणि माल नेणाऱ्या ट्रकचे काय? त्याचाही करार तयार होता. काठमांडूच्या त्याच २०१४ च्या परिषदेत मोटार वाहन करार आणि रेल्वे करार सहीसाठी मांडले होते. आपल्याकडील अंतर्गत प्रक्रिया पूर्ण झालेली नाही, असे पाकिस्तानने सांगितले आणि एकमताच्या नियमाने दोन्ही करार बाजूला पडले. मग जून २०१५ मध्ये बांगलादेश, भूतान, भारत आणि नेपाळ या चौघांनी थिंफूला वेगळा मोटार वाहन करार केला, तर भूतानच्या संसदेच्या वरिष्ठ सभागृहाने तो नाकारला. त्यामुळे सोलापूरहून निघालेला ट्रक ढाक्याच्या बाजारापर्यंत जात नाही. तो सीमा ओलांडून पलीकडच्या आवारापर्यंत जातो, तिथे माल उतरतो, तिकडच्या ट्रकमध्ये चढतो आणि पुढे जातो. गाठोडी असतील तर चालते. डाळिंब हे गाठोडे नव्हे. तेल्या रोगापासून वाचवलेले, क्रॉप कव्हरखाली लेकरासारखे झाकून वाढवलेले फळ पेटीत कागदाच्या कातरणावर बसवून पाठवलेले असते आणि ताडपत्रीखाली ते किती दिवस टिकते याचा हिशोब बागेतल्या कोणत्याही बाईला विचारला तरी ती सांगेल. आमचा ट्रक आधी रांगेचा क्रमांक येण्यासाठी उभा राहिला. क्रमांक आला तेव्हा पलीकडे काम बंद होते. पलीकडचे काम सुरू झाले तेव्हा अलीकडचा संगणक बंद होता. संगणक सुरू झाल्यावर असे निघाले की उगम प्रमाणपत्रावरील, म्हणजे माल कोणत्या देशातला हे सांगून शुल्कात सवलत मिळवून देणाऱ्या कागदावरील, अधिकाऱ्याची सही पलीकडे ठेवलेल्या नमुन्याशी जुळत नाही, कारण आपल्याकडील त्या खुर्चीवरचे साहेब बदलले होते आणि नव्या साहेबांच्या सहीचा नमुना शेजारच्या देशाला पाठवायचे कोणाच्या लक्षात आले नव्हते. ज्या कार्यालयातून ते प्रमाणपत्र घेतले, तिथे मी फोन केला. तिथल्या गृहस्थांनी शांतपणे सांगितले की हा विषय दोन देशांमधला आहे आणि तो योग्य व्यासपीठावर मांडावा. कोणते व्यासपीठ? जिथे २०१४ नंतर कोणी बसलेलेच नाही ते? त्याच संध्याकाळी ड्रायव्हरचा फोन आला, “मालक, खालच्या थरातनं लाल पाणी गळाय लागलंय. वास पण सुटलाय. काय करू सांगा.” मी काय सांगणार होतो! वरच्या दोन थरांतील फळ तिथेच कोणा व्यापाऱ्याने मातीमोल भावाने उचलले आणि उरलेले रस्त्याच्या कडेला टाकावे लागले. गाडीभाडे पूर्ण भरले. पेटीवर आम्ही हौसेने बागेचे नाव छापून घेतले होते, ते नाव असलेली खोकी ओढ्यात पडल्याचा फोटोही ड्रायव्हरने इमानेइतबारे पाठवला. एवढे होऊन ज्या करारामुळे ही सवलत आहे त्याचे नाव काय, तर मुक्त व्यापार!

असो. तोल सुटला, सल्लागाराने असे करू नये.

लोकांच्या येण्याजाण्यासाठी व्हिसा सवलतीची योजना काढावी. सार्कची योजना १९९२ पासूनची आहे आणि तिच्यात २४ प्रकारची माणसे बसतात. न्यायाधीश, खासदार, बडे अधिकारी, व्यावसायिक, पत्रकार, खेळाडू. ट्रकचालक त्या यादीत मला सापडला नाही.

एक संघटना बंद पडली की दुसरी काढावी. पाकिस्तान नको असेल तर बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची बिमस्टेक आहेच. १९९७ साली बँकॉकला जन्मलेल्या या संघटनेत आज सात देश आहेत, त्यांतले पाच सार्कमधलेही आहेत. तिला स्वतःची सनद मिळायला २०२२ साल उजाडले आणि ती सनद लागू व्हायला २०२४ चा मे. मुक्त व्यापाराचा आराखडा तिने २००४ सालीच मंजूर केला आहे; करार अजून व्हायचा आहे. तेव्हा घाबरण्याचे कारण नाही, तिथेही आपल्याला घरच्यासारखेच वाटेल.

आणि एकदा सदस्य झाल्यावर बाहेर पडण्याचा अविचार चुकूनही करू नये. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडले, पश्चिम आफ्रिकेतील माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी २०२५ च्या जानेवारीत तिथली प्रादेशिक संघटना इकोवास सोडली, हे लोक सदस्यत्वाला फार गांभीर्याने घेतात. पूर्व तिमोरने तर २०११ साली आसियानकडे अर्ज केला आणि २०२५ च्या ऑक्टोबरात अकरावा सदस्य होईपर्यंत बिचारा तयारी करत बसला. आत जायला अभ्यास करावा लागतो आणि आत गेल्यावर कामे करावी लागतात, अशा ठिकाणी जावेच कशाला? सार्कच्या सनदेत सदस्याला काढण्याचीही सोय नाही आणि सदस्याने जाण्याचीही नाही. न भांडता, न भेटता, न निघता नुसते राहता येते.

आता पुरे. ज्यांना हे सुनवायचे आहे त्यांना सरळच सांगतो. संघटना चालत नाही याचे खापर प्रत्येक राजधानी शेजारच्या राजधानीवर फोडते आणि टाळ्या घेते. पाकिस्तानने दहशतवाद पोसावा आणि वर रस्त्याचा करारही अडवावा, याचा संताप मला कोणाहून कमी नाही. पण सहीचा नमुना बांगलादेशला पाठवायला पाकिस्तान आडवा आला नव्हता. कांद्यावर एका रात्रीत बंदी घालायला कोणी भाग पाडले नव्हते. मार्च २०२० मध्ये साथ आली तेव्हा भारताच्या पुढाकाराने आठही देशांची दूरदृश्य प्रणालीवरून बैठक झाली, भारताने एक कोटी डॉलर देऊ केले, ते कसे जमले? तेव्हा कलम दहा कुठे होते? जमते, जमवायचे नसते. सीमेवर नाशवंत मालासाठी वेगळी रांग लावा, सह्यांचे नमुने संगणकावरून द्या, ट्रक ज्यांना चालतील त्या देशांपुरते तरी चालू द्या. यांतल्या एकाही गोष्टीसाठी शिखर परिषद लागत नाही, फक्त आठवड्याचे काम आठवड्यात करणारी माणसे लागतात. आणि जे वाचक शेजाऱ्याशी व्यापार थांबला की छाती फुगवतात, त्यांनी एकदा सांगोल्याला येऊन बागायतदाराचे कर्जखाते बघावे. तिथे थांबलेल्या व्यापाराची रक्कम आमच्या नावावर मांडलेली असते, शेजाऱ्याच्या नाही. हे काहीच करायचे नसेल तर निदान त्या उगम प्रमाणपत्राचे शुल्क तरी घेऊ नका.