वाटीभर साखरपाणी ठेवलं की डास चावत नाहीत म्हणे

तो मेसेज परत फिरायला लागलाय, खोलीत वाटीभर साखरेचं पाणी ठेवा, डासांचं पोट भरेल, मग चावणार नाहीत, रक्त नाही मिळालं की अंडी नाहीत, डास खलास. बरं लिहिलंय, पण गंडलंय.

"पोट भरलं की रक्त कशाला" हे पहिलं. अहो साखर उडायला आणि जगायला लागते, नर तर फुलांतला मध आणि झाडांचे रस पिऊनच राहतो, तो चावतच नाही. मादीला रक्तातलं प्रोटीन अंड्यांसाठी हवं असतं, ते साखरेत कुठून येणार? दोन्ही जातातही वेगवेगळ्या जागी. निळा रंग घातलेलं साखरपाणी प्यायलेली मादी भिंगाखाली धरली तर पोटात निळा फुगा दिसतो, ती साखर साठवायची पिशवी, रक्त मात्र थेट आतड्यात.

हां, पोटभर साखर प्यायलेली मादी थोडा वेळ रक्ताकडे कमी वळते, हे मान्य. लॅबमध्ये डासांच्या पिंजऱ्यात साधारण 10 टक्के साखरपाण्यात भिजवलेला कापूस ठेवलेला असतो आणि रक्त द्यायच्या काही तास आधी तो काढून घेतात. पण त्याच साखर पिणाऱ्या माद्या नंतर रक्त पितात, अंडी घालतात, तिथे डासांच्या पिढ्यानपिढ्या अशाच चालतात की!

डेंगीवाली एडिस इजिप्ती तर घरात साखरेच्या फारशी नादी लागतच नाही, एका वेळच्या अंड्यांसाठीसुद्धा दोन-तीनदा चावू शकते. म्हणजे जिला अडवायचं तीच वाटीकडे बघणार नाही.

आणि जी बघेल तिचं काय? ती जास्त जगेल, माझा खरा आक्षेप इथे आहे. डेंगीचा विषाणू डासात गेल्यावर तो डास दुसऱ्याला रोग देण्याइतका तयार व्हायला साधारण 8 ते 12 दिवस लागतात, मलेरियाच्या परजीवीलाही दहा-बारा दिवस सहज जातात, त्याआधी मादी मेली तर तिच्याकडून पुढे काहीच जात नाही. साखर न मिळालेले डास बऱ्याचदा लवकर मरतात, आणि आपण त्यांना वाटी भरून देतोय.

शेवटी "शास्त्रज्ञही साखरच वापरतात" असं ठोकलंय. वापरतात ना, माली, झांबिया, केनियात घरांच्या बाहेरच्या भिंतींवर गोड आमिषं लावून चाचण्या झाल्यात, पण त्या गोडात कीटकनाशक मिसळलेलं होतं, तेवढं मेसेजवाल्याने गाळलंय.