परवा म्हणजे कधी?

मी सोलापुरात एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवतो, म्हणजे जेवढे तास तेवढे पैसे, आणि पैसे कधी हे विचारायचं नसतं. विषय संज्ञापन, म्हणजे कम्युनिकेशन. पहिल्याच दिवशी फळ्यावर हा शब्द लिहिला तर मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, ज्ञापन म्हंजे आमच्या काकाला हापिसात मिळालं होतं तेच का?" म्हटलं तेच, फक्त यात सस्पेंड होत नाही. तेव्हा मला तरी तसंच वाटत होतं.

विषय तसा सोपा आहे. १९४८ साली क्लॉड शॅनन नावाच्या माणसानं अमेरिकेत बेल या टेलिफोन कंपनीच्या लॅबमध्ये बसून एक आकृती काढली, मालगाडीसारखे एका ओळीत डबे: सांगणारा, मग संदेशाचा सिग्नल करणारं यंत्र, मधे वायर, पलीकडे सिग्नलचा परत संदेश करणारं यंत्र आणि शेवटी ऐकणारा. आणि वायरीवर मधेच खालून एक बाण येऊन टोचतो, तो नॉइज.

आता नॉइज म्हणजे काय हे सोलापुरात शिकवावं लागत नाही. माझ्या वर्गातली निम्मी पोरं पूर्व भागातली, कुणाच्या घराखाली लूम म्हणजे यंत्रमाग, कुणाच्या शेजारी, झोपेतसुद्धा खटखटाट चालूच. एका पोराचे वडील चाळीस वर्षं लूमवर. त्यांचा मला फोन आला की मोबाईल हातभर लांब धरावा लागतो. "सर, पोरगं आलंय का? पोरगं सर, पोरगं, माझं पोरगं, आलंय का कॉलेजला?" पूर्वी मला हसू यायचं. नंतर वाचलं की शॅनन यालाच रिडंडन्सी म्हणतो, वायरीत काही गळालं तरी उरलेल्यावरून अर्थ लागावा म्हणून जास्तीचं सांगणं, आणि लिहिलेल्या इंग्रजीत साधारण ५० टक्के मजकूर असा जास्तीचाच असतो असा त्यानं हिशोबही काढला होता. म्हणजे काका कसलाही कोर्स न करता बरोबर बोलत होते. मीच टंचाईत बोलायचो, आणि त्याचंच फळ पुढं मिळालं.

त्याआधी फीडबॅकचं सांगतो. शॅननच्या त्या आकृतीत ऐकणाऱ्याकडून परत येणारा बाणच नाही, तो नंतरच्या लोकांनी जोडला. मी तो फळ्यावर लाल खडूनं काढला आणि विचारलं, कळलं का? साठ जण एका सुरात, "हौ सर!" सोलापुरातला हा हौ फार फसवा आहे. कळलं तरी हौ, नाही कळलं तरी हौ, आणि भूक लागली असली तर जास्त मोठा हौ. मी मात्र खूश होऊन डस्टर झाडत बाहेर पडायचो.

तर झालं असं. सोमवारी वर्गात दहा मार्कांची एक टेस्ट घेतली होती. दुसरी शुक्रवारी घ्यायची होती, तसं मंगळवारी तोंडी सांगितलंही होतं. बुधवारी संध्याकाळी मी मंडईत, एका हातात भाजीची पिशवी, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं वर्गाच्या ग्रुपवर टाईप केलं: परवाच्या टेस्टची वही घेऊन सगळ्यांनी यावे, न येणाऱ्याचे मार्क जातील. एका मिनिटात बावन्न अंगठे. म्हटलं याला म्हणतात फीडबॅक.

गुरुवारी माझा तास नसतो. शिवाय आमच्याकडं त्या दिवशी पाणी होतं, आणि चार दिवसांनी पाणी आलेल्या माणसाला जगात दुसरं काही दिसत नाही. मी गच्चीवर टाकीत पाईप धरून उभा, तेवढ्यात कॉलेजातल्या शिपाईमामांचा फोन. "सर, कुठं हाव? पोरं येऊन बसलेत की."

"कुठली पोरं?"

"तुमचीच. वह्या घेऊन बसलेत, मार्क जातील म्हणूलालेत. पंखा बी चालू नाही, लवकर या."

खाली बायको ओरडत होती, टाकी भरून वाहायला लागली, आणि मी एका कानानं मामांचं ऐकत होतो, दुसऱ्या कानानं बायकोचं, आणि दोन्हीकडं "हौ हौ" म्हणत होतो.

शुक्रवारी टेस्टला चार जण. त्यातल्या दोघांचा नेटपॅक संपला होता, त्यांनी मेसेज बघितलाच नव्हता, मंगळवारचं तोंडी लक्षात ठेवून आले होते. माझा निरोप ज्यांना मिळालाच नाही तेवढ्यांनाच तो बरोबर पोचला!

शनिवारी चौकशी बसवली. आपली मराठी किती गोड भाषा, पण होऊन गेलेला परवाही परवा आणि येणारा परवाही परवा, आणि मी टेस्टला एक साधं क्रियापदसुद्धा जोडलं नव्हतं की काळ कळावा. मराठी घरची पोरं आपसात भांडत बसली होती, मागचा का पुढचा. मग तेलुगू घरच्या एका पोरीनं मैत्रिणींच्या ग्रुपवर व्हॉइस नोट टाकली. तेलुगूत येणारा परवा एल्लुंडि आणि झालेला परवा मोन्न, शब्दच वेगळे, मोघम बोलायची सोयच नाही. तिनं ठणकावून मोन्न सांगितलं. अक्कलकोटकडून येणाऱ्या पोराला कानडीत तीच अडचण, नाडिद्दु म्हणावं का मोन्ने, त्यानंही मोन्नेच निवडलं, कारण, "सर, वही झालेल्या टेस्टचीच आसती न्हवं?" या दोघांनी निकाल दिल्यावर मराठी पोरांनीही भांडण मिटवलं. उरला विजापूर वेशीतला एक, त्याच्या दखनी उर्दूत परसों दोन्हीकडं चालतं. तो काही न बोलता गुरुवारीही आला आणि शुक्रवारीही आला.

मी लगेच शॅनन उघडून बघितला, दोष कुठल्या डब्याला द्यायचा. तर त्यानं सुरुवातीलाच सांगून ठेवलंय की अर्थाचा माझ्या इंजिनिअरिंगशी संबंध नाही. हुशार माणूस. १९४९ साली वॉरन वीव्हर नावाच्या गणितज्ञानं मात्र सुचवलं की अर्थात घोळ घालणाऱ्या नॉइजचा एक वेगळा डबा आकृतीत घालावा, सिमँटिक नॉइज. तोही मी फळ्यावर काढला. कुठं काढू म्हणून थांबलो तर पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली, "सर, एकदम सुरुवातीला काढा, सांगणाऱ्याच्या बाजूला."

काढला. कळलं का, म्हटलं. हौ सर.

घंटा झाली, पुस्तक मिटलं, दाराशी जाऊन सवयीनं म्हणालो, "चला, परवा भेटू."

कुणी उठेना. अक्कलकोटच्या पोरानं हात वर केला.

"सर, मोन्ने का नाडिद्दु?"